दामदुपटीचा दर

चक्रवाढ व्याजाच्या धड्यात पोरं एका जागी हमखास अडतात. मुद्दल दिलं, दर दिला, मुदत दिली आणि रास काढा म्हटलं की सगळे घोड्यावर. तेच उलटं केलं, मुद्दल, मुदत आणि रास सांगून टाकली आणि म्हटलं ‘आता दर काढा,’ की माना खाली. कोणी खोडरबर शोधायला लागतं, कोणाला एकदम तहान लागते. मी फळ्यापाशी हाताची घडी घालून उभी राहते. मला हा धडा लई आवडतो.

मी काष्टीत आठवी ते दहावीच्या गणिताचा क्लास घेते. नवऱ्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत सतरंज्या टाकून. शनिवारी बाजार असतो, तेव्हा टेम्पोंचे हॉर्न आणि बैलांचं हंबरणं ऐकू येतं, म्हणून त्या दिवशी क्लास सकाळी सातला उरकते. माझ्याकडे गणिताची डिग्री नाही. बी.कॉम. आहे, तेही लग्नानंतर मुक्त विद्यापीठातून केलेलं. पण दर काढण्यात माझा हात कोणी धरून दाखवावा. ते मी पुस्तकातून शिकले नाही. ते मी एका माणसावरच्या रागातून शिकले, आणि तो राग अजून आहे तसा आहे.

तो माणूस म्हणजे माझा थोरला चुलता.

माझे वडील साखर कारखान्यात फिटर होते. मी नऊ वर्षांची असताना मोटारसायकलवरून येताना अपघात झाला आणि ते गेले. वर्षश्राद्धाच्या आधी कारखान्याचे आणि विम्याचे मिळून दीड लाख रुपये आले. आईने आयुष्यात बँकेची पायरी चढलेली नव्हती. ती डोक्यावरचा पदर सावरून ओसरीवर आली आणि कापडात बांधलेले ते पैसे तिने दिरापुढे ठेवले. “भावजी, तुमीच सांभाळा. पोरीचं हाय,” म्हणाली. चुलता गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “काळजी करू नगंस. दामदुप्पट करून दीन.” भावकीतले चार जण बसले होते. त्यांनी माना डोलवल्या.

आमच्याकडे दामदुप्पट हा शब्द फार मोठा आहे. जुनी रीत अशी की घेतलेले पैसे दुप्पट करून दिले की माणूस मोकळा. त्यापुढे एक पैसा कोणी मागायचा नाही, मागितला तर मागणारा हावरट. देणारा पुण्यवान. पण ही दुप्पट किती वर्षांत झाली, हे विचारायची रीत मात्र नाही. कोणी विचारतच नाही हो! वर्षात झाली काय, पंचवीस वर्षांत झाली काय, दुप्पट ती दुप्पट. माझ्या चुलत्याला हे पुरतं ठाऊक होतं.

बारावीला मला गणितात ब्याण्णव मार्क पडले. मला नगरला जाऊन बी.एस्सी. करायचं होतं. होस्टेलची चौकशीसुद्धा मी करून आले होते, एस.टी.ने, एकटी. आईने मला चुलत्याकडे पाठवलं. तो गोठ्यापुढे बाजेवर बसून दाढी करत होता. आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, “पैसा गुतलाय. आत्ता मोडला तर नुकसान तुझंच हाय. आन् पोरीच्या जातीला नगर कशाला पायजे?” मी म्हटलं, “कुठं गुंतलाय?” त्याने वस्तरा थांबवला. मग काकूच आतून ओरडली, “लई तोंड आलंय गं तुला!” मी परत आले. होस्टेलचा फॉर्म आईने चुलीत घातला, कारण मीच तो फाडून चुलीपाशी टाकला होता.

पैसा कुठे गुंतला होता ते सगळ्या गावाला माहीत होतं. चुलता व्याजाने पैसे फिरवायचा. शेकडा दोन, म्हणजे शंभराला महिन्याला दोन रुपये, वर्षाला चोवीस. टेम्पोवाला घ्यायचा, लिंबाचा व्यापारी घ्यायचा, चहाच्या हॉटेलवाला घ्यायचा. पाडव्याला ज्याने व्याज आणून दिलं नाही, त्याचं व्याज मुद्दलात धरायचं आणि पुढच्या वर्षी त्याच्यावरही व्याज. माझ्या वडिलांच्या मरणाआधी हा माणूस उसाच्या टोळ्यांकडे मुकादमाचा मुनीम म्हणून कामाला होता. फिरवायला भांडवल कुठून आलं, हे सांगायला ज्योतिषी नको.

एकविसाव्या वर्षी माझं लग्न ठरलं. मांडवात, अक्षता पडल्यावर, आहेर पुकारणाऱ्याच्या हातातून चुलत्याने माईक घेतला. डोक्याला फेटा, खांद्यावर उपरणं. म्हणाला, “माज्या धाकट्या भावाच्या माघारी त्याच्या बायकूनं दीड लाख माज्यापाशी ठिवलं हुतं. आज पोरीच्या लग्नात समद्यांसमोर तीन लाख परत करतो. शब्द दिल्ता, दामदुप्पट!” टाळ्या पडल्या. अहो, माझ्या सासरच्या लोकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. आईने सगळ्या मांडवासमोर त्याच्या पायावर डोकं ठेवलं आणि हुंदके देत रडली. मी मुंडावळ्या बांधून पाटावर बसले होते. मलाही भरून आलं होतं, हे कबूल करते. बारा वर्षांत त्या पैशावर दर काय पडला ते त्या दिवशी मला माहीत नव्हतं. लग्नाचा खर्च भागून त्यातलं जे उरलं, त्यात आईने घरावर पत्रे टाकले.

माहीत झालं ते तीन वर्षांनी. बी.कॉम.च्या पुस्तकात व्याजाचं प्रकरण होतं. नवरा जेवून दुकानात गेला होता, मी ओट्यापाशी उभी होते आणि दुकानातला मोठ्या बटणांचा कॅल्क्युलेटर हातात होता. सहज म्हणून दीड लाख, तीन लाख, बारा वर्षं घेतली. तीन लाख भागिले दीड लाख, दोन. आता या दोनाचं बारावं मूळ काढायचं. साध्या कॅल्क्युलेटरवर ते नसतं. पण बारा म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले तीन. म्हणून वर्गमूळाचं बटण दोनदा दाबलं, एक पॉइंट अठराशे ब्याण्णव आलं. मग त्याचं घनमूळ अंदाजाने. एक पॉइंट शून्य सहा तीनदा गुणलं, थोडं जास्त झालं. शून्य पाच नऊ घेतलं, कमी पडलं. मधला आकडा घेत घेत गेले. एक पॉइंट शून्य पाच नऊ पाच.

म्हणजे दर पाच पॉइंट पंच्याण्णव. वर्षाला. सहासुद्धा नाही.

मी तीनदा केलं. माझाच विश्वास बसेना. पोस्टातले पैसेसुद्धा त्या काळात याच्या किती तरी आधी दुप्पट व्हायचे. भाकरी तव्यावर जळाली, तिचा धूर घरभर झाला, आणि मी ओट्याला टेकून त्या माणसाला मोठ्याने शिव्या घातल्या. ज्या शिव्या मी कधी कोणाला ऐकवल्या नव्हत्या, त्या. शेजारीण धावत आली, तिला वाटलं भाजलं.

कागद घेऊन मी माहेरी गेले. चुलता बाजेवरच होता. मी कागद पुढे धरला आणि सगळं समजावून सांगितलं. तो हसला. “दुप्पट दिलं का न्हाई?” मी म्हटलं, “दिलं, पण बारा वर्षांनी.” “दुप्पट दिलं का न्हाई?” परत तेच. “मंग? फिटलं. शंभर भागिलं बारा कर की. आठ टक्क्याच्या वर दिलंय तुला.” मी म्हटलं, “असं भागायचं नसतं, काका. चक्रवाढ धरायची. तुम्ही नाही का पाडव्याला व्याज मुद्दलात धरत?” तेव्हा त्याचा चेहरा बदलला. “तो धंदा हाय. घरात का कुनी धंदा करतं?” काकू म्हणाली, “उपकाराची जाण न्हाई बघा, कुत्र्याचं शेपूट.” आणि सगळ्यात वाईट म्हणजे माझी आई. तिने माझ्या हातातला कागद काढून घेतला, घडी घातली आणि म्हणाली, “देवमानूस हाय तो. पुन्ना असं बोललीस तर माज्या दारात येऊ नगंस.”

आई त्याला देवमाणूस समजतच गेली. तिच्या दहाव्याला, घाटावर, कावळा शिवायची वाट बघत सगळे बसले असताना चुलत्याने परत तीच गोष्ट काढली. “शब्द दिल्ता. दामदुप्पट दिली. भावजयीच्या आत्म्याला काय बी लागून राह्यलं नसंल.” लोक म्हणाले, “तुमच्यासारखा मानूस व्हायचा न्हाई.” कावळा शिवला. मी मनात म्हटलं, थांब, म्हाताऱ्या. तुझा दर मी तुझ्याच घरात पुकारीन.

मग देवानेच आणून दिलं म्हणायचं. चुलत्याचा फोन आला. त्याची नात, म्हणजे त्याच्या मुलाची मुलगी, आठवीला काष्टीच्या शाळेत आली होती. “गनितात लई हुशार हाय. तुज्याकडं पाठवतो. घरचीच हाय, फी काय घेनार तू?” मी म्हटलं, “पाठवा की.” फोन ठेवला आणि मला हसू आवरेना.

पोरगी खरंच हुशार निघाली. दोन वेण्या, चष्मा, आणि प्रश्न विचारताना अंगठा चावायची सवय. चार पोरांमागे लपून बसायची नाही, पुढे बसायची. बाहेर मला आत्या म्हणायची, क्लासमध्ये मॅडम. आजोबांवर तिचा भारी जीव. शब्दाशब्दाला आजोबा. आजोबांनी सायकल घेतली, आजोबांनी हिवरे बाजार दाखवायला नेलं, आजोबा म्हणतात मी कलेक्टर होणार. एकदा क्लास सुरू व्हायच्या आधी ती बाकीच्या पोरींना सांगत होती, “आमच्या आजोबांनी दामदुप्पट करून दिली होती, माहितीये? या मॅडमच्या लग्नात!” पोरींनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. मी खडूचं टोक मोडलं आणि म्हटलं, “चला, वह्या काढा.”

व्याजाचा धडा दिवाळीनंतर येतो. जूनपासून मी वाट बघितली. आधी घेता आला असता, पण मुद्दाम नाही घेतला. घाई कशाला? वर्ग, घन, वर्गमूळ, घनमूळ तिच्याकडून असे घोटून घेतले की झोपेत विचारलं तरी सांगावं. ते सगळं मी प्रेमाने शिकवलं, आणि त्यात मला लाजही वाटली नाही.

त्या दिवशी पुस्तकातली दोन उदाहरणं झाली. मग मी फळ्यावर लिहिलं, ‘एका बाईने आपल्या दिराकडे दीड लाख रुपये ठेवले. बारा वर्षांनी त्याने तिला तीन लाख रुपये परत केले. व्याजाचा दसादशे दर काढा.’

मागून एक पोरगा लगेच ओरडला, “शंभर भागिले बारा! आठ पूर्णांक एक तृतीयांश!” मी म्हटलं, “ते सरळव्याज झालं. खाली बस.” आजोबांची नात वहीत मान घालून बसली होती. पेन्सिल चालू होती. पाच-सात मिनिटांनी म्हणाली, “मॅडम, सहापेक्षा पण कमी येतंय.” आणि तेवढ्यात तिची पेन्सिल थांबली. तिने मान वर करून फळ्यावरचं उदाहरण पुन्हा वाचलं. एका बाईने. दिराकडे. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या नजरेला नजर दिली आणि सगळ्या वर्गाला म्हटलं, “उत्तर बरोबर आहे. आता घरचा अभ्यास. गावात व्याजाचा दर काय चालतो, ते घरातल्या मोठ्या माणसांना विचारायचं. आणि त्या दराने याच दीड लाखाची बारा वर्षांची रास काढून आणायची.”

बाकीचे कोणी करून आणणार नाहीत, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ती वेळेच्या आधी आली. वही उघडून माझ्यापुढे ठेवली. एक पॉइंट चोवीसचा बारावा घात, पायरी पायरीने, शेजारी सगळे गुणाकार मांडलेले. एकोणीस लाख ब्याऐंशी हजार दोनशे अठरा. खाली दोन रेघा.

“आजोबांनी सांगितला दर?” मी विचारलं.

“व्हय. शेकडा दोन. पाडव्याला मुद्दलात. खूश होऊन सांगत होते. मग मी करून दाखवलं.” ती अंगठा चावत होती. “ते म्हणाले, एवढं कुठून येतंय, येडी का काय. मी म्हटलं, आजोबा, हे धाकट्या आजीचे होते ना? एकोणीस लाखातले तीन लाख दिले ना तुमी? तर वही फेकली. मग मी पप्पांना विचारलं, तर पप्पा म्हणाले, जाऊ दे, जुनं हाय.” आणि मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, “मी आता त्यांच्याशी बोलत नाही.”

मी त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या. नवरा म्हणाला, “आज काय सण हाय का?” मी सांगितलं सगळं, रंगवून रंगवून. त्याने अर्धी पोळी ताटात तशीच ठेवली. “म्हाताऱ्याचं ठीक हाय गं. त्या पोरीला कशाला मधी घेतलंस?” मी म्हटलं, “मला नऊ वर्षांची असताना कोणी विचारलं होतं, मधी येतेस का म्हणून?” तो हात धुवायला उठला. मी मात्र दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

चार महिने गेले. मार्चमधल्या एका शनिवारी, बाजाराच्या दिवशी, दुकानापुढे चुलता उभा. क्लास सुटून गेला होता. मी खोली झाडत होते. बाजारातून आला होता, धोतराला धूळ होती, हातातल्या पिशवीत काही नव्हतं. तो वाळला होता. मी बसा म्हटलं नाही, तरी सतरंजीवर बसला. पाणी दिलं, तेवढं दिलं.

दोन घोट प्यायला. मग म्हणाला, “पोरगी बोलत न्हाई.”

“अस्सं?”

“ताट आणून ठिवती. औषीद देती टायमावर. पन बोलत न्हाई. चार म्हयनं झालं. मी हाक मारली का उठून जाती.” त्याचा आवाज बारीक झाला. “घरात कुनाची शिवी लागत न्हाई मला. तिचं गप बसनं लागतं.”

मी झाडू कोपऱ्यात ठेवला. म्हटलं, “मग माझ्याकडे कशाला आलात?”

“तुजं ऐकती ती. तू येवढं सांग तिला.” त्याने माझ्याकडे बघितलं नाही. “सांग, की गनित चुकलं हुतं. माज्यासाठी न्हाई तर तुज्या आईसाठी सांग. काय लागंल ते देतो. तुज्या नगरच्या शिक्षनाचं बी...”

मला वाटलं होतं की असा दिवस आला तर मी फाडफाड बोलेन. वर्षानुवर्षं मी ती वाक्यं मनात तयार ठेवली होती. त्यातलं एकही वापरायची गरज पडली नाही. मी इतकंच विचारलं, “दर किती होता, काका?”

त्याने तांब्या खाली ठेवला.

“पुकारा. माईक नाही इथं. मी एकटीच आहे.”

“सहा,” तो म्हणाला.

“पाच पॉइंट पंच्याण्णव.”

तो उठला. गुडघ्यावर हात देऊन उठावं लागलं त्याला, आणि मी हात दिला नाही. दारातून म्हणाला, “सांगशील न्हवं?” मी दार लावून घेतलं.

मला वाईट वाटलं का? नाही. उगाच खोटं कशाला बोलू. बरं वाटलं. अंगातून काहीतरी हलकं झालं, आणि मी त्या दुपारी गाढ झोपले.

सोमवारी पोरगी आली. क्लास संपला, बाकीची पोरं चपला घालून पळाली, पण ती बसून राहिली. दप्तरातून तीच जुनी वही काढली. पान उघडून माझ्यापुढे सरकवलं.

“आत्या,” म्हणाली. क्लासच्या खोलीत ती मला कधी आत्या म्हणायची नाही. “एकदा परत बघा ना. कुठंतरी चुकलं असंल. मी रात्रीच्या घाईत केलं होतं. एखादा शून्य जास्त घातला असंल, नाहीतर हातचा विसरले असंल.” चष्म्याच्या आत डोळे भरले होते. “आजोबा दोन दिवस झाले, जेवत नाहीत. चुकलं असलं तर मी आजच जाऊन सांगते त्यांना. नीट बघा ना, आत्या.”

एक गुणाकार चुकीचा ठरवायचा. एवढंच करायचं होतं मला. एखाद्या आकड्याभोवती गोल काढायचा आणि म्हणायचं, हे बघ, इथं चुकलीस. ती पळत सुटली असती घरी.

मी लाल पेन घेतला. पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत एकेक ओळ तपासली. सगळं बरोबर होतं. एवढं स्वच्छ गणित माझ्या क्लासमध्ये आजवर कोणी केलेलं नाही. ती माझ्या पेनाच्या टोकाकडे बघत होती, आणि मी प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण करत खाली आले. शेवटच्या दोन रेघांखाली दहापैकी दहा लिहिले, आणि वही तिच्या हातात दिली.